पाचचा फोन

“पाचच्या आत फोन सुरू झाला पाहिजे,” काकू म्हणाल्या. “दिवे नाही लागले तरी चालेल, फ्रिज गेला खड्ड्यात. फोन हवा.”

गॅरेजवाल्याने जीपमधून काढून आणलेली बॅटरी काकूंच्या घरात फडक्यावर ठेवली आणि घड्याळ पाहिलं. सव्वाचार. वादळाने दोन दिवस वीज घालवली होती, मोबाइलचे टॉवर आडवे केले होते, आणि आज दुपारी काकूंच्या इन्व्हर्टरनेही मान टाकली होती. छत्री न घेताच त्या समोरच्या त्याच्या गॅरेजमध्ये धावत गेल्या होत्या. तो या गल्लीत येऊन दोन महिने झाले होते; ओळख म्हणजे फाटकातून “कसं काय” एवढीच. पण भिजलेल्या म्हाताऱ्या बाईला नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

“कोणाचा फोन यायचाय?”

“ह्यांचा. टेलिफोनचे लाइनमन ना ते. दिवसाचं काम संपलं की पाचला फोन करून लाइन तपासायची, हा त्यांचा नियम.”

“या वयात? तेही असल्या वादळात?”

“निवृत्त होऊन जमाना झाला. पण मन घरात असतं कुठे त्यांचं!” काकू हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. “फोन लागला नाही की संपलं. मग दोष कुठे आहे ते शोधत हिंडतात, कोणाचं ऐकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी असंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यापलीकडे सापडले, तापाने फणफणलेले. आज नाल्याला पाणी किती आहे, पाहिलंस ना?”

त्याने पाहिलं होतं. पूल दिसत नव्हता.

तो कामाला लागला. भिंतीवर तीन डब्या होत्या: एक बाहेरून आलेल्या इंटरनेटच्या तारेची, एक राउटर, एक फोनची. तिन्ही बारा व्होल्टच्या. चार्जरच्या वायरी कापून थेट बॅटरीला जोडल्या की झालं. फोनच्या डबीतून दोन तारा निघत होत्या. एक टेबलावरच्या फोनला, दुसरी भिंतीवरून जिन्याकडे गेलेली.

“ही दुसरी काढून ठेवू का? तेवढीच बॅटरी वाचेल.”

“हात लावू नकोस तिला!”

काकूंचा आवाज एवढा चढला की पक्कड त्याच्या हातून निसटली. म्हाताऱ्या माणसांच्या खोडी, दुसरं काय, असं मनाशी म्हणून तो पुढे सरकला.

“रागावू नकोस रे,” काकू जरा वेळाने म्हणाल्या. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर कोरडा टॉवेल नीट टाकून ठेवला, दोन कप काढले, मग त्याच्यासाठी तिसरा. “आमच्या वेळी ही कटकटच नव्हती. वीज एक्सचेंजमधून तारेतूनच यायची. गावभर अंधार असला तरी फोन जिवंत. मी एक्सचेंजमध्ये ऑपरेटर, हे खांबावर. रोज पाचला आवाज यायचा, ‘लाइन कशी आहे?’ मी म्हणायची, ‘स्पष्ट.’ दीड वर्ष हेच. तोंड पाहिलं नव्हतं एकमेकांचं.”

“आणि मग?”

“मग एके दिवशी म्हणाले, ‘लाइन कशी आहे ते समोर येऊन विचारलं तर चालेल का?’ मी म्हटलं, ‘काम संपवून या.’”

गॅरेजवाल्याला हसू आलं. वडिलांच्या गॅरेजमधला काळा फोन त्याला आठवला. ग्रीसच्या बोटांनी त्याची तबकडी फिरवल्याबद्दल खाल्लेला धपाटाही आठवला. आज तो धपाटासुद्धा गोड वाटला. दाराजवळच्या खुंटीवर लाइनमनचा कातडी पट्टा लटकत होता, त्यातल्या अवजारांना ताजं तेल. काका बाहेर गेलेत म्हणजे त्यांच्याकडे असे दोन पट्टे असावेत, असं त्याला वाटलं.

पावणेपाचला त्याने तिन्ही वायरी एकदम जोडल्या. दोन डब्यांवर हिरवा दिवा लागला. फोनच्या डबीवर लाल.

त्याने वायर हलवून पाहिली. लालच. पाचला सात मिनिटं होती. काकू डब्यांजवळ येऊन वाकल्या.

“सगळं एकदम नाही चालू करायचं,” त्या अचानक म्हणाल्या. “आधी बाहेरची लाइन उठू दे, मग मधलं, आणि फोन शेवटी. एक्सचेंजमध्ये असंच करायचो.”

त्याने सगळं काढलं. पहिली डबी जोडली आणि दोन मिनिटं थांबला. मग राउटर. ती दोन मिनिटं काकूंनी पदर मुठीत धरून काढली. शेवटी फोन. लाल, लाल, लाल, आणि हिरवा.

घड्याळाचा काटा पाचवर गेला आणि फोन वाजला. गॅरेजवाल्याच्या जिवात जीव आला.

काकूंनी केस सारखे केले, ताठ बसल्या आणि रिसीव्हर उचलला. “एक्सचेंज.” आवाज विशीतल्या मुलीचा.

रिसीव्हरमधून खरखरीत आवाज त्यालाही ऐकू आला. “नाल्यापलीकडचा खांब. जोड घातलाय. लाइन कशी आहे?”

“स्पष्ट.”

“पाऊस फार आहे इथे.”

“मग काम बंद करा आणि घरी या. चहा ठेवलाय.”

रिसीव्हर ठेवून त्यांनी डोळे पुसले. गॅरेजवाला उठून उभा राहिला. “काकू, पूल बुडालाय. काका येणार कसे? मी दोर घेऊन नाल्यापर्यंत जातो.”

“बस रे. चहा घे.”

जिन्याची पायरी करकरली. वरून एक म्हातारा, कानटोपी आणि घरातला पायजमा घातलेला, कठड्याला धरून एकेक पायरी खाली आला. गॅरेजवाल्याची नजर जिन्याकडे गेलेल्या त्या दुसऱ्या तारेवर गेली.

काकूंनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला, काकांची कानटोपी काढली आणि ते कोरडे पांढरे केस हळूहळू पुसत म्हणाल्या, “किती भिजलात हो आज.”