काठाची वाट

एकशे बारा मुली, नववी-दहावीच्या, सतरंजीवर. मंडप फक्त स्टेजपुरता.

पाण्याच्या बाटल्या. त्याही स्टेजपुरत्याच.

"हॅलो, हॅलो, चेक. शेवटपर्यंत आवाज येतोय का?"

नदीच्या वळणापलीकडं सकाळपासून एक इंजिन धडधडतंय. तिकडं कुणी बघत नाही.

फायबरचा एक तुकडा. पिवळा, नखाएवढा. वाळूत पडलेला.

तुकडा कयाकचा आहे, एकटीनं वल्हवायच्या अरुंद नावेचा. सुंदररावांनी आत्ताच, टाळ्यांच्या गजरात, तिच्या टोकावर नारळ फोडला. पहिल्या घावाला फुटला नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला दोन्ही फुटली.

"थांबा," सत्यशीला, कयाक तिचीच, पहिल्याच घावाला ओरडली होती. माईक सुंदररावांकडं होता.

"शुभ झालं," ते माईकमधून म्हणाले. "गंगामाईनं नारळ घेतला."

मुलींना टाळ्या वाजवायला सांगितलं. त्यांनी वाजवल्या.

सत्यशीला गुडघ्यावर बसली. तडा वीतभर होता, बोट आत जात होतं. गोदावरीतून नाशिकहून निघून अठरा दिवस झाले होते, नांदेड अजून लांब होतं. प्रवासाचा नियम एकच, तिनंच तो कयाकच्या अंगावर रंगवलेला: पाण्यावर, नाहीतर खांद्यावर. चाकावर नाही. बंधारा आला की ती उतरायची, कयाक खांद्यावर घ्यायची, चालत पलीकडं जायची. वाटेतल्या प्रत्येक शाळेत तिनं पोरांना तेवढंच सांगितलं होतं. मधला तुकडा गाळायचा नाही.

ती उठली. पाटोद्याची होती. अठरा दिवस भाषणाची मराठी बोलून झाली होती, ती आता गळून पडली.

"ट्रॅक्टरचा नारळ बोनेटवर फोडता का तुमी? का चाकापुढं, दगडावर?"

"श्रद्धेनं फोडलाय, ताई. चिडू नका. पोरी बघायल्यात."

"बघू द्या."

सुंदरराव हसले. कार्यक्रम त्यांचा, मंडप त्यांचा, शाळाही त्यांच्याच संस्थेची. माईक त्यांनी बाजूला धरला. "तुमची अडचण ती आमची अडचण. पिकअप हाय आपली. वळणाच्या पार, पंचवीस किलोमीटर पुढं सोडतो, तिथं पाणी लई हाय. तिथं बसून रिपेर करा, मंग जा निवांत."

"चाकावर न्हाई जायचं मला."

"कुणाला कळणार हाय?"

"ह्या एकशे बारा जणींना."

कार्यक्रमपत्रिका, मुद्दा क्रमांक सात: प्रमुख पाहुण्यांचे प्रेरणादायी मार्गदर्शन. पाच मिनिटे.

मुख्याध्यापक बद्रीनाथ सर मध्ये घुसले. "मॅडम, ते मागून बघू. आधी चार शब्द बोला पोरींशी. जिद्द ह्या विषयावर. अडीच तास झाले, उन्हात बसल्यात बिचाऱ्या."

"बसवलं कुणी?"

सर सुंदररावांकडं बघत राहिले. तिनं माईक घेतला.

"जिद्दीवर बोला म्हणत्यात. बरं. नाव फुटलीय. ठिगळ लावलं तर वाळायला उद्याची दुपार व्हईल. ह्या घाटावर तवर थांबायची माझी इच्छा न्हाई. बावीस किलोची नाव हाय, ती खांद्यावर घेते आन् काठाकाठानं चालत निघते. आत्ता. सुंदरराव, वाट कुठनं हाय?"

सुंदररावांचं हसू जागच्या जागी राहिलं. डोळे तेवढे वळणाकडं गेले आणि परत आले.

"काठानं वाट न्हाई," ते म्हणाले. "नुसत्या बाभळी हायत. साप हायत. बाईमाणसाचं काम न्हाई ते."

"हाय की."

आवाज सतरंजीवरून आला होता. नववी ब मधली शिवानी उभी होती. उन्हानं तोंड लाल, ओढणी डोक्यावर.

"वाट हाय, ताई. चांगली रुंद हाय. रोज हायवा ट्रक जात्यात तिथनं, वाळूचे. आण्णांचेच हायत."

आण्णा म्हणजे सुंदरराव. वाळू उपसणाऱ्या इंजिनाची धडधड आता शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू येत होती.

"ए, बस खाली!" बद्रीनाथ सर ओरडले. "बस म्हणलं ना! बापाला बोलवू का तुझ्या?"

शेजारचीनं ओढणी धरून खाली ओढली. ओढणी तिच्या हातात राहिली. शिवानी उभीच.

"बोलवा," ती म्हणाली. "त्योच चालवतोय हायवा."

सुंदरराव स्टेजच्या कडेला आले. आवाज अगदी मऊ. "पोरी, दहावी व्हायचीय ना तुझी? आपल्याच शाळेत व्हायचीय ना?"

शिवानीनं मान हलवली. व्हायची होती.

सत्यशीलानं माईक ठेवला. ठेवला म्हणजे टाकला, स्पीकर किंचाळला. कयाक उलटी करून ती खाली शिरली आणि उठली. फुटक्या टोकातून आत गेलेलं नारळाचं पाणी तिच्या मानेवर ओघळलं.

"तिला काय बोलायचं ते माझ्यासमोर बोला," आतून तिचा आवाज घुमला. "नांदेडला न्हाई पोचले तरी चालंल. हितनं हालणार न्हाई." मग, "शिवानी, तू बसू नको. वाट कुठनं सुरू हुती ती दाव."

शिवानीनं हात लांब केला. सरळ, वळणाच्या दिशेनं. तिच्यामागं दुसरी एक उठली, मग तिसरी, आणि त्यांनीही तिकडंच हात केला.

नारळ साडेअकराला फुटला. पिकअप सकाळी सातपासून मंडपामागं उभी होती. हौद्यात गादी अंथरलेली होती, कयाकच्या लांबीची, आणि बांधायला चार दोर.