परत मागवलेला व्हॉल्व्ह

“अण्णा, आजचा दिवस ही भट्टी बंद ठेवा,” सूर्यकांतने पुन्हा सांगितलं. “उद्या येऊन मी व्हॉल्व्ह बदलून देतो.”

हॉटेलमालक गुरुराजने पुन्हा कॉफी मागवली.

सूर्यकांतच्या कंपनीने हॉटेलांच्या भट्ट्यांना बसवलेले सगळे व्हॉल्व्ह परत मागवले होते. नॉब पूर्ण बंद केला तरी आतून गॅस झिरपायचा. तुमकूरच्या एका खानावळीत भडका उडाला होता, तिथला आचारी अजून दवाखान्यात होता. बाकीच्या भट्ट्यांचं काम सूर्यकांतने उरकलं होतं. उरली होती बेंगळुरात, राजाजीनगरातल्या या उपाहारगृहाची, आणि आज नेमकी आयुधपूजा, दसऱ्याचा आदला दिवस.

भट्टीला झेंडूची माळ होती. नॉबवर इतकं कुंकू थापलं होतं की चालू कुठे आणि बंद कुठे हे देवीलाच ठाऊक. वर केसरीभाताचं पातेलं रटरटत होतं, आणि गुरुराजची बायको चंपा त्यात झारा फिरवत होती.

“बंद कशी ठेवू?” गुरुराज म्हणाला. तो बेळगावात वाढलेला, मराठी घरच्यासारखं बोलायचा. “आसपासच्या कारखान्यांत पूजेचा प्रसाद इथून जातो. आणि आजच्या दिवशी विझली तर वर्षभर विझेल.”

“मग काय, पेट घेतलेली चालेल?”

“असं अभद्र बोलू नका हो. स्वल्प कॉफी घ्या.”

“यंत्राला पूजा कळत नाही, अण्णा. त्याला वॉशर कळतो.”

“तुम्हा इंजिनियर लोकांचं बरं आहे. देव नाही, वॉशर आहे.”

सूर्यकांतचा पेजर वाजला. साहेबांचा सकाळपासूनचा तोच निरोप: झालं का? त्याने कॉफी संपवली. सांगून सांगून घसा बसला होता आणि भट्टीची ज्योत मजेत निळी जळत होती. रिकामा पेला हातात धरून तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

झारा थांबवून चंपाने विचारलं, “तुमकूरच्या त्या आचाऱ्याचं काय झालं म्हणालात?”

“भुवया गेल्या, अक्का.”

“भुवया येतात परत. अजून?”

सूर्यकांतने तिच्या झाऱ्यावरच्या हाताकडे पाहिलं आणि नजर वळवली.

चंपाने पातेलं उतरवलं, झारा त्यात उभा रोवला आणि नवऱ्याकडे वळली. “दिवसभर या भट्टीपुढे कोण उभं असतं? तुम्ही तर गल्ल्यावर बसता, उदबत्ती लावून.”

“अगं, पूजा झालीय तिची. आता लोखंड लावलं तर—”

“देवीला मी सांगते काय ते. रागावली तर माझ्यावर रागावू दे.”

गुरुराजने एकदा भट्टीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग चपला काढल्या, देवीच्या तसबिरीपुढे दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, मागच्या दाराने जाऊन सिलिंडर बंद केले आणि आपल्या हाताने भट्टीवरची माळ उतरवली.

“सरी, ठीक आहे,” तो म्हणाला. “उद्या कशाला? आत्ताच बदला. अर्धा तास थांबतो, त्यापुढे मात्र पेटवावीच लागेल, प्रसाद अर्धा कच्चा आहे. नवा व्हॉल्व्ह आणलाय ना?”

“खिशात आहे.”

“मग झालं तर! शेजारचं गॅरेज बंद, आज सगळ्या बेंगळुरात कुणी हत्याराला शिवणार नाही. पण तुमचं तसलं काही नसतं. काढा तुमचा पाना.”

सूर्यकांत जागचा हलला नाही.

“गाडीवर राहिला काय?” चंपाने विचारलं.

“घरी आहे. देवापुढे,” सूर्यकांत खाली बघत म्हणाला. “आमच्यात खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलत नाहीत, अक्का.”