पाचचा भोंगा

"कोंबड्या अंडी देईनात," तोकुजो आजोबा म्हणाले. "लिहून घ्या. कारण, नाहोकोचं गाणं."

चिटणीसाने लिहून घेतलं. सभागृहात चटयांवर एकतीस माणसं बसली होती आणि एकतीसच्या एकतीस नाहोकोकडे बघत होती. प्रेमाने कोणीच नाही.

मार्चमध्ये नगर कचेरीने संध्याकाळी पाचच्या भोंग्यावरची जुनी धून काढून तिचं गाणं लावलं होतं. अमामी बेटावरची या गावाची चाल, सोबत ड्रम आणि गिटार. रोज पाचला ते साऱ्या खाडीवर घुमायचं. आता ते ठेवायचं की काढायचं, हे गावाच्या मतावर होतं. नाहोको टोकियोहून विमानाने आली ती थेट सभेत. टोकियोत तिला गायला स्टेडियम मिळालं होतं. तरी तिला हा भोंगा हवा होता.

"कुत्री रडतात," कोणीतरी म्हणालं.

"कुत्री पूर्वीही रडायची."

"पूर्वी सुरात रडायची."

एका कोळ्याला ड्रम ऐकून वाटायचं, आपल्या होडीचं इंजिन कोणीतरी सुरू केलं. दोनदा तो न्हाणीतून तसाच किनाऱ्यावर धावला होता. ज्यांनी ते पाहिलं, त्यांची तक्रार वेगळी नोंदवली गेली.

"आजोबा, चाल तुम्हीच शिकवलीत," नाहोको म्हणाली. "सात वर्षं. चुकलं की बांबूच्या काडीने बोटांवर मारायचात."

"कमी मारलं."

"जळता तुम्ही. तुमचं गाणं डोंगरापलीकडे कधी गेलं नाही."

"न्यायचंच नव्हतं. पलीकडच्यांची चाल वेगळी आहे. आणि तू त्या चालीला पँट घालून…"

भोंगा खरखरला. नाहोकोचा आवाज खाडीवर चढला. आजोबांनी वाक्य तिथंच टाकलं, चपला अडकवल्या आणि चालू लागले.

"पळता कुठे?" ओरडत नाहोको त्यांच्यामागे निघाली. बाकी कोणी हललं नाही. सगळे चटईकडे बघू लागले.

धक्क्याच्या टोकाला तिची आई उभी होती. बाहेर जायचे कपडे, केस नीट विंचरलेले, पाय अनवाणी. आजोबांनी जाऊन सवयीने तिचा कोपर धरला.

"रोज येते," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "आवाज आला की पोरगी आली म्हणते. परवा कमरेएवढ्या पाण्यात होती."

"मला फोनवर सगळं ठीक म्हणते! तुम्ही तरी सांगायचंत."

"भानावर असते तेव्हा सांगू देत नाही."

नाहोको आईच्या समोर जाऊन उभी राहिली. "आई, बघ. मी आले."

आईने ओठांवर बोट ठेवलं. "शू! माझी नाहोको गातेय. बाजूला हो गं बाई, होडी दिसत नाही."

गाणं संपलं. आई आणखी थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग आजोबांचा हात धरून वळली.

"माझं मत लिहून घ्या," नाहोको मागून म्हणाली. "भोंगा बंद."

तोकुजो आजोबा थांबले. मागे मात्र वळले नाहीत.

"तुला मत नाही," ते म्हणाले. "तू इथं राहत नाहीस."