नावातला ‘के’

“लागला का फोन?” कांतानं पुन्हा विचारलं. भर सकाळी तिनं लग्नातली साडी नेसली होती, काजळ घातलं होतं, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं चढवलं होतं. सवतीसमोर जायचं म्हणजे काय गाऊनवर जायचं?

“लागतोय, दीदी,” गुंजन म्हणाली. गुंजन रायपूरची वकील. शांतिसेनेच्या जवानांनी परमुलखात ज्या बायांवर अत्याचार केले, त्यांना मदत करणारं युनोचं एक ऑफिस आहे, त्यांच्या वतीनं ती आली होती. सोबत एक छोटी डबी आणि डबीत कापसाची काडी. कांताच्या नवऱ्याच्या, प्रफुलच्या, गालाच्या आतून ती फिरवायची आणि तपासणीला पाठवायची, म्हणजे तिकडच्या पोराचा बाप कोण ते ठरलं. पण प्रफुलच्या मर्जीशिवाय काडी फिरत नव्हती आणि त्यानं आपली मर्जी बायकोच्या पदरात टाकली होती. “कांता हो म्हणन तं देतो,” असं गुंजनला सांगून तो मागच्या खोलीत जाऊन बसला. भारी शहाणा! बायको हो म्हणायची नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

कारण बायकोला त्यानं आधीच सगळं सांगून टाकलं होतं. आफ्रिकेत शांतिसेनेची निळी टोपी घालून ड्यूटी करत होतो, नादेज नावाची बाई मागं लागली, लय जीव लावला तिनं, चूक झाली माझी. एवढं सांगून तो रडला. कांताही रडली आणि मग पेटली. अत्याचार म्हणे! जीव लावल्यावर अत्याचार कुठला? कांताची स्वतःची कूस रिकामी होती. टोमणे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आणि तिकडं ती टवळी त्याचं पोरगं मांडीवर घेऊन बसलेली!

पण खरा काटा दुसराच होता. गुंजनच्या कागदावर नादेजनं सांगितलेलं नाव होतं, प्रफुल के. ढोमणे. के म्हणजे कवडू, कांताचा सासरा. ते राहायचे त्या हुडको वसाहतीत शेजारपाजाऱ्यांनाही त्याचं नाव माहीत नव्हतं. मग सातासमुद्रापलीकडच्या बाईला कवडूचा ‘के’ कळला कसा? जवळ बसवून, जिवाभावाचं बोलल्याशिवाय कोणी बापाचं नाव सांगतं? कांताशी तर हा धड दोन शब्द बोलत नव्हता. वाढ, दार लाव, संपलं. तिकडं मात्र तिच्या मांडीवर डोकं ठेवून बापाच्या, गावाच्या, वावराच्या गोष्टी सांगत असेल मेला. हे मनात आलं की कांताच्या तळपायाची आग मस्तकात जायची. फौजेतून सुटून आता कुम्हारीच्या कारखान्यात वॉचमनच्या ड्यूटीला जाणाऱ्या नवऱ्याचा डबा भरतानाही तिला तो ‘के’च आठवायचा.

म्हणून तिनं अट घातली होती. आधी मी तिच्याशी बोलीन, मग नमुन्याचं पाहू. असं बोलणं करून देत नसतात, हे गुंजननं परोपरीनं सांगून पाहिलं. कांता हटली नाही. शेवटी नादेजच कबूल झाली. पोरासाठी.

फोन लागला. पडद्यावर एक हडकुळी बाई दिसली. केस बारीक कापलेले, नजर खाली. शेजारी तिकडची मदतनीस तिचा हात धरून बसली होती. कांता पाहतच राहिली. हिच्यात काय पाहिलं यानं? मनात घोकून ठेवलेल्या शिव्या तिनं बाजूला ठेवल्या. तरी काटा सलतच होता.

“विचारा तिले,” ती म्हणाली, “यांच्या बापाचं नाव तुले कसं माहीत? केव्हा सांगतलं यांनी? किती लाडात येऊन सांगतलं?”

गुंजननं शेवटचं गाळलं आणि बाकीचं इंग्रजीत विचारलं. मदतनीस बाईनं ते नादेजच्या भाषेत सांगितलं.  नादेजनं मान वर केली आणि सरळ कांताकडं पाहत बोलली.

गुंजनचा आवाज खाली आला. “ती म्हणते, कोणी सांगितलं नाही. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती. तो सोडत नव्हता, तेव्हा डोळ्यांसमोर तेवढीच होती. ती वाचत राहिली. एकेक अक्षर पाठ केलं. जिवंत राहिले तर कोणाला तरी सांगता यावं म्हणून.”

 ‘प्रफुल के. ढोमणे’ लिहिलेली ती पट्टी कांतानं पाहिली होती. फौजेत असताना तो सुट्टीवर आला की वर्दी धुवायच्या आधी तीच ती काढून ठेवायची. इतके दिवस आपण कशावर जळत होतो, हे तिला कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“काय म्हणून राहिली ते?” मागून प्रफुल ओरडला. “मी म्हटलं होतं ना, लय चिकट बाई आहे!”

कांता उठली. मनगटाला धरून तिनं त्याला बाहेर आणलं.

“फोन तिकडं फिरवा, मॅडम. तिले हे तोंड दिसू नोका देऊ.” मग त्याला म्हणाली, “बसा. आ करा.”

“अवं, तूच तं नाही म्हणत होती!”

“आता हो म्हणतो. आ करा.”

गुंजननं डबी उघडली. त्याच्या गालात काडी फिरत होती तेव्हा कांता भिंतीकडं वळवलेल्या फोनपाशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली,

“मॅडम, तिले सांगा, नाव बराबर वाचलं तिनं. आन् माणूस बी हाच व्हय.”