सहाफुटी राक्षसाचा मफलर

इंग्लंडात खरे शूरवीर दोनच: महायुद्ध लढलेले, आणि शहात्तर साली फुटबॉलच्या मैदानात गोलपोस्टमागच्या पायऱ्यांवर हाणामाऱ्या करणारे आम्ही. महायुद्धाला मला जन्मायलाच उशीर झाला. पण दुसऱ्या शौर्याचा पुरावा दिवाणखान्यात टांगलाय: पाहुण्या संघाच्या एका सहाफुटी राक्षसाला लोळवून हिसकावलेला मफलर.

रविवारी मुलीचे होणारे सासरे, क्लाइव्ह, चहाला आले. किस्सा मी नेहमीसारखाच रंगवला. ते उठले, मफलरपाशी गेले आणि त्याचं टोक उलटून पाहू लागले. चाळीस वर्षं मी भिंतीकडे वळवून ठेवलेली, कुणा आईनं हातानं शिवलेली नावाची पट्टी समोर आली: ‘क्लाइव्ह, इयत्ता चौथी’.

माझी मान वर होईना. स्वयंपाकघरातून मुलगी कप घेऊन येत होती.



क्लाइव्ह हळूच म्हणाले, “व्याहीबुवा, लग्नात हा किस्सा सांगाल, तेव्हा माझी उंची तेवढी कमी करू नका.”