मामांचा अंगठा

बियाण्याच्या अनुदानासाठी मामांनी यंत्रावर चौथ्यांदा अंगठा टेकवला, पण तो काही उमटेना. चाळीस वर्षं कुदळ धरून रेषाच झिजल्या होत्या.

"मामा, महिनाभर मातीत हात घालू नका, रेषा परत येतील," खिडकीतला कारकून म्हणाला. "अनुदान काही पळून जात नाही."

मामांनी पेरणी थांबवली आणि सकाळ-संध्याकाळ अंगठ्याला साय चोळली.

"लग्नातसुद्धा एवढे नटला नव्हतात!" मामी म्हणाल्या.

महिन्याने अंगठा पहिल्याच दमात उमटला. मामा हरखले.

 

"ओळख पटली, मामा," कारकून पाहणी अहवाल वाचत म्हणाला, "पण यंदा तुमचं शेत पडीक दिसतंय, आणि अनुदान फक्त शेती करणाऱ्यालाच मिळतं."