चार ठिकाणी घर

“जंतूंनी एकदम चार ठिकाणी घर केलंय,” डॉक्टर म्हणाले. “यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड, शिवाय गुडघा.”

बायकोला हसूच फुटलं. स्वतःच्या घरात ज्याचा पाय कधी ठरला नाही, त्याच्या अंगात चार घरं!

डॉक्टर गेल्यावर तिने तापाने फणफणलेल्या नवऱ्याच्या छातीला कान लावला. आत कुणीतरी भांडी लावत होतं. तिने गुडघ्याला कान लावला. तिथेही तीच भांडी वाजत होती आणि एक बाई गुणगुणत होती.

“अहो, आत कोण आहे?”

“कुणी नाही गं,” तो नजर चुकवत म्हणाला.

तिने बरगडीखाली कान लावला. भांडी थांबली.

“अहो,” आतून लाडिक आवाज आला, “बाहेर कोण आहे?”

स्वतःच्या कुशीवरून मायेने हात फिरवत तो म्हणाला, “कुणी नाही गं.”